पाणी वाढलं

माहं माहेर धनजचं. तिथी मीठ संपलं तं माय म्हणे, मीठ संपलं, जाय दुकानात. सरळ गोष्ट. लगन होऊन मी इकडं केनवडच्या बाजूले आली, अन् पयल्याच हप्त्यात सासूसंगं माहा झगडा झाला तो या एका शब्दावरून. मी चुलीपासून आवाज देल्ला, आत्याबाई, मीठ संपलं. बुढीनं हातातलं सूप खाली ठेवलं अन् माह्याकडं असं पाह्यलं, जसं का सारं मीठ मीच खाऊन टाकलं. म्हणे, निता, या घरात संपलं म्हणत नाई. वाढलं म्हणाचं.

आता सांगा तुमी. डबा रिकामा अन् म्हणाचं वाढलं. बांगडी फुटली का वाढली, नारळ फोडला का वाढवला, हे मलेबी मालूम होतं. पण या गावात तेल वाढते, पीठ वाढते, चहापत्ती वाढते. किशन दुकानदाराले कोण्या बाईनं सांगतलं का साखर वाढली, तं तो मुकाट्यानं पुडा बांधते. बाहेरचा माणूस ऐकन तं म्हणन, वा रे बरकत, इथी तं साऱ्याच गोष्टी वाढून राह्यल्या.

मी बुढीले यावरून लय बोलली. तिचं नाव गंगू. वय ऐंशीच्या घरात, पण कान अजून तिखट. तिच्या बापानं दीक्षा घेतली तवा ती लहान पोरगी होती. घरातले देव तिनंच पाटीत भरून नदीत नेऊन टाकले, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत राहते. मी म्हणो, देव सोडले, उपास सोडले, अंगात येणं सोडलं, मंग हा एक शब्द कायले धरून ठेवला?

"देव दगडाचे होते," ती म्हणे. "पाणी दगडाचं नाई. त्याले ऐकू येते."

कारण मीठ-साखर नुसतं नावाले. तिचा सारा जीव पाण्यात. गावाच्या खालतं नदीले एक वळण हाये, तिथी कासवडोह. दिवाळी झाली का नदीची धार तुटते, पण डोहात पाणी राहते. त्यात कासवं, त्यात मरळ मासे, अन् चैत्रात साऱ्या गावचे ढोरं तिथीच. डोहाच्या थडीले, काठावरच, आमच्या वस्तीची विहीर. एका काळी गावच्या विहिरीवर आमच्या लोकाइले बादली टाकू देत नोते, रांगेत मागं उभं राहून कोणी पाणी घालन त्याची वाट पाहा लागे. तवा माहा सासरा भिवाजी अन् वस्तीतले काही जण कुदळी घेऊन थडीवर गेले, अन् त्याइनं आपली विहीर खणली. डोहाचाच झरा विहिरीत येते. डोहात पाणी तं विहिरीत पाणी, दुसरी गोष्टच नाई. झरा लागला त्या दिवशी सासऱ्यानं बुढीले म्हटलं होतं, गंगे, हा जिता झरा हाये, याच्या कानावर वाईट शब्द जाऊ देऊ नोको. सासरा गेला, शब्द राह्यला. घरात एखाद्या वेळेस माही चूक चालून जाये, पण थडीवर आटलं, कमी झालं, संपलं, यातला एकबी शब्द काढला का बुढी दोन दिवस माह्यासंगं बोलत नसे. सरकारनं मागून नळ देल्ले, टाकी बांधली. टाकीत पाणी कुठून येईन हे सांगाचं तेवढं इसरले.

होळी झाली का डोहात मोटर टाकाची नाई, हा गावाचा कायदा. कुठं लिहिलेला नाई, पण पाळत सारेच. तरी या काही सालात वरच्या आंगानं बोअरवर बोअर झाले, अन् डोह उन्हाळ्यात उतरू लागला. मागच्या दोन उन्हाळ्यात तं विहिरीचं तळ दिसलं. बुढी रोज सकाळी काठावर उभी राहून आत पाहे अन् म्हणे, वाढत चाललं बाई, वाढत चाललं. मले त्या शब्दाचा रागबी ये अन् तिची कीवबी ये.

आता रामकिसनभाऊचं सांगते. गावातला शेतकरी, सरळ माणूस, कोणाच्या घेण्यात नाई का देण्यात नाई. मागं त्यानं संत्र्याची बाग लावली. बाकीचे लोक आकडा टाकून चोरून मोटर चालवत. हा मातर कायद्यानं जाणार. हिवाळ्यापुरतं डोहातलं पाणी उचलू द्या म्हणून त्यानं मालेगावच्या तालुका ऑफिसात अर्ज केला. त्यात इचारलं होतं, उन्हाळ्यात पाणी कमी होते काय? त्यानं खरं लिहिलं, होते. झालं. फाइल पर्यावरणाच्या कमिटीकडं गेली, अन् कमिटी काही बसेना. साहेब बदलले, नकाशा हरवला, नकाशा सापडला, कमिटी काही बसेना. चार वर्षं तो माणूस मोटरसायकलीनं मालेगावच्या वाऱ्या करत राह्यला, अन् इकडं बाग उभ्या उभ्या वाळली. शेवटी त्यानं आपल्या हातानं झाडं तोडली. त्यातलं सरपण आमच्या वस्तीतबी आलं. भाकर थापताना मले त्या चुलीकडं पाहवे नाई.

त्या टाइमाले आमी बाया त्याच्यासंगं ऑफिसात गेल्तो. मी सायबाच्या टेबलावर हात आपटून इचारलं होतं का परवानगी झाडं मेल्यावर देता, का माणूस मेल्यावर? ते मी आजबी इचारन. एवढा वखत कोणत्याच कामाले लागू नये.

मंग नवा नियम आला. सारा कारभार मोबाइलवर. अर्ज केला का ऑफिसचं माणूस येते, पाण्याचा फोटो काढते, गावातल्या एका जुन्या माणसाचं बोलणं मोबाइलात भरून घेते, अन् तीन हप्त्यात परवानगी. पर्यावरणाचं काय, असं कोणी म्हणू नये म्हणून त्यात एक प्रश्न ठेवला होता: मागच्या काही वर्षांत पाणी कमी झालं का वाढलं? कमी झालं म्हटलं का काम थांबते, मोठे साहेब येऊन पाहतात, अन् उन्हाळाभर मोटर बंद. वाढलं म्हटलं का गाडी पुढं. बोललेलं मोबाइल आपोआप लिहिते, कोणाले हातानं लिहाचीबी गरज नाई. एवढ्या मोठ्या डोहाची राखण आता एका शब्दावर आली होती. वाईट वाटलं नाई तवा. मले वाटलं, चला, सरकारले अक्कल आली.

रामकिसनभाऊनं पुन्हा बाग लावली होती, या खेपेले आणखी तिघं-चौघं संगं. त्याइनं मिळून अर्ज केला. मोटर मोठी, अन् पाणी बारमाही पायजे.

पाहणीले आल्या त्या योगिनी मॅडम. पुण्याकडची कंत्राटी पोरगी, स्कूटीवर गावं करत फिरणारी, उन्हानं पार काळवंडून गेलेली. त्या दिवशी मी हरभरा सोंगाले गेल्ती. सांजच्याले घरी आली तं बुढी लय खुशीत. सांगू लागली का मॅडमनं मले खुर्चीवर बसवलं, पाणी पाजलं, मोबाइल माह्या तोंडापाशी धरला. गावात एवढे लोक, पण इचारलं कोणाले? तं गंगूले. आजी, डोहाचं पाणी कमी झालं का वाढलं?

"मंग तुमी काय सांगतलं?" मी इचारलं.

"खरं तेच सांगतलं. वाढलं म्हटलं. दोन-तीन साल झाले, लय वाढलं म्हटलं. आता तं उन्हाळा लागाच्या आंदीच वाढते."

माह्या हातातला इळा तिथीच राह्यला.  बुढी इचारे, काय झालं व, काय झालं. मी इचारलं, तिथी आणखी कोण होतं? म्हणे, रामकिसन होता ना. काई बोलला नाई बिचारा, मान खाली घालून उभा होता.

तशीच मी त्याच्या घरी गेली. त्याची माय मनकर्णाबाई ओट्यावर बसेल होती. ये निता, बस, म्हणे, चहा करते, पण दूध वाढलं, कोरा चालन काय? रामकिसनभाऊ आत खाटेवर होता. त्यानं ते ऐकलं, अन् मी त्याच्याकडं पाह्यलं तेबी त्याले समजलं.

"रामकिसनभाऊ," मी म्हटलं, "माय म्हणते दूध वाढलं. तुमाले काय समजलं?"

तो खाटेवर उठून बसला. मंग म्हणे, "समजलं, वयनी. तिथीबी समजलं होतं."

"अन् चूप राह्यले?"

"मागच्या खेपेले खरं लिहिलं. बाग मेली. या खेपेले मी काईच बोललो नाई." तो खालतंच पाहत होता. "खोटं तं नाई ना बोललो."

मले त्याच्या थोबाडीत ठेवून द्याव वाटलं. अन् त्याच वक्ती ते संत्र्याचं सरपण आठवलं, त्या चार वर्षातली त्याची धुळीनं भरलेली मोटरसायकल आठवली. हात उठेना. मनकर्णाबाईनं कोरा चहा आणून ठेवला, तो तसाच टाकून मी निंगाली.

दुसऱ्या दिवशी मालेगाव गाठलं. योगिनी मॅडमले सारं समजावून सांगतलं. आधी त्याइले वाटलं मी मस्करी करून राह्यली. मंग त्याइचा चेहराच उतरला. म्हणे, माझी आजीसुद्धा बांगडी वाढली म्हणायची, मला कळायला हवं होतं. पोरगी वाईट नोती, लगेच मोबाइल काढून धडपडू लागली. पण एकदा पाठवलेलं बोलणं मोबाइल परत देईना. त्याइनं सायबाले इचारलं, सायबानं जिल्ह्याले, वाशिमले फोन लावला, वाशिमनं सांगतलं का परवानगी थांबवता येत नाही, हरकत घेता येते. हरकत कोणाकडं जाते? कमिटीकडं. कोणती कमिटी? तीच. ते ऐकलं अन् मले हसूच आलं. परवानगीची गाडी एक्स्प्रेस करून टाकली, अन् हरकतीची अजून पॅसेंजरच.

मॅडम म्हणे, आजींचं बोलणं पुन्हा भरून हरकतीला जोडू. पण या वेळी असं बोलायला हवं, की कोणी दुसरा अर्थ काढू नये. पाणी संपलं, असं स्वच्छ म्हणू द्या त्यांना.

हे मी बुढीले घरी येऊन सांगतलं, अन् तिथून तिनं एका टाइमाचं जेवण सोडलं. दिवसभर विहिरीच्या काठावर बसून राहे. मी समजावलं, मी हातापाया पडली, मी शिव्याबी देल्या, कायले लपवू. माणसं म्हणत का बुढीले भरम झाला. नाई, भरम नाई. तिले सारं समजत होतं. एका दुपारी मी म्हटलं, "आत्याबाई, नुसता शब्द होय तो. शब्दानं कुठं पाणी जाते काय?"

बुढीनं मान वर केली. "मंग त्या मोबाइलातून कायनं गेलं?"

 

तिसरा हप्ता सरता सरता बुढी कशीबशी तयार झाली. योगिनी मॅडम सुट्टीच्या दिवशी आल्या, आपल्या पेट्रोलनं. बुढी त्याइले थडीवर येऊ देईना. घरात चला म्हणे. घरात आणलं, दरवाजा लावाले सांगतला, नदीच्या आंगची खिडकी आपल्या हातानं लावली. बाबासाहेबाच्या फोटोखाली भिताडाले टेकून बसली अन् डोक्यावरून पदर घेतला. मॅडमनं मोबाइल पुढं धरला.

"संपलं," बुढी म्हणे.

मोबाइलले ऐकूच आलं नाई. मॅडम खालच्या आवाजात म्हणे, आजी, जरा मोठ्यानं. बुढीनं पुन्हा म्हटलं. मोबाइलनं काई तरी भलतंच लिहिलं. तिसऱ्या खेपेले ती असं वरडली का बाहेरचे लोक दरवाज्यापाशी जमा झाले. पाणी संपलं! डोहाचं पाणी संपलं! मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं, पण मोबाइलनं या खेपेले बरोबर लिहिलं. एकबी चूक नाई.

हरकत गेली. परवानगी तिच्या आंदीच, बोलल्यापरमाण तीन हप्त्यात, येऊन पडली होती.

मोटर बसली. होळी आली, होळी गेली, मोटर चालूच. गावातल्या म्हाताऱ्याइनं रामकिसनभाऊले होळीच्या कायद्याची आठवण देल्ली. तो ऐकाले तयार होता, खोटं कायले बोलू. दिवसा तरी बंद ठेवू म्हणे. पण संगतचे लोक ऐकेनात. आमच्यापाशी सरकारची परवानगी हाये, तुमच्यापाशी काय हाये, म्हणत. आमच्यापाशी काय होतं? होळीचा कायदा ना कोण्या कागदावर, ना कोण्या मोबाइलात.

चैत्र सरता सरता डोह चिखलावर आला. मरळ चिखलात घुसली, पोट्ट्याइनं हातानं धरून नेली. कासवं बाहेर निंगाले अन् पाण्याच्या शोधात गावात आले. एक किशनच्या दुकानाच्या पायरीखाली सापडलं, एक रस्त्यावर ट्रॅक्टरखाली गेलं. वस्तीतल्या आमी बायाइनं ओल्या पोत्यात भरून जमतील तेवढे धरणावर नेऊन सोडले. परत येताना मले समजत होतं का कासवडोह म्हणाले आता नुसतं नाव राह्यलं. मंग विहीर गेली. सासऱ्यानं खणलेल्या विहिरीत भरदुपारी उन्ह तळापावतर जाये, अन् तळाशी नुसते दगड. पाण्याले आमी पुन्हा गावच्या टाकीपाशी रांगेत, मागं उभ्या. आता बादली टाकाले कोणी मना करत नाई, पण रांगेत आमचा नंबर येऊस्तवर टाकी खाली होते. माह्या सासऱ्यानं ज्या रांगेतून आमाले काढलं होतं, तिथीच आमी परत आलो.

भर उन्हाळ्यात कमिटी आली. खरंच आली, मी माह्या डोळ्यानं पाह्यली. साहेब भला माणूस होता, आवाज चढवून बोलला नाई. डोहाच्या भेगाइत उतरला, फोटो काढले, विहिरीत वाकून पाह्यलं. मंग आमाले सावलीत बोलावून सांगतलं का तुमची हरकत खरी होती. पण संरक्षण द्यायचं ते पाणी असलेल्या जागेला. इथे पाणीच नाही, तर आता कशाला संरक्षण देणार? हरकत निकाली काढावी लागेल. मी म्हटलं, साहेब, पाणी होतं तवा काहून नाई आले? तो म्हणे, बाई, आमच्याकडे पूर्ण जिल्हा आहे. अन् तो खोटं बोलत नोता, हेच तं वाईट. शिव्या घालाव असं एक माणूस मले त्या साऱ्या भानगडीत सापडलं नाई.

रामकिसनभाऊ दूर आपल्या मोटरपाशी उभा होता. मोटर कोरडी पडेल. नवी बागबी पिवळी पडाले लागली होती. परवानगी मातर चालूच होती, आणखी पाच वर्षं.

बुढीनं त्या दिवसापासून विहिरीकडं जाणं सोडलं. लोक तिले सांगत का गंगूबाई, मोटरनं पाणी नेलं, तुमी काई नाई केलं. पण तिच्या मनानं पक्कं धरलं होतं का तीनदा म्हटलं, वरडून म्हटलं, अन् बंद खिडकीतूनबी झऱ्यानं ऐकलं. मी तिच्यापाशी बसून म्हणो, असं काई नसते. पण मले माहा आवाज खोटा लागे.

परवाच्या दुपारी तिनं पाणी मांगतलं. मी उठली, माठ कलता केला. ग्लासात दोन थेंब पडले अन् थांबले. टाकीवरून चार दिवसापासून पाणी आलं नोतं, शेजारीबी माठ पालथेच होते. बुढी माह्याकडं पाहत होती. लगन झाल्यापासून ज्या शब्दावरून मी तिच्यासंगं भांडली, तो शब्द त्या दिवशी माह्या तोंडात आपोआप आला. तिले बरं वाटन म्हणून आला.

"आत्याबाई," मी म्हटलं, "पाणी वाढलं."

तिनं भिताडाकडं कूस बदलली.

"संपलं म्हण, निता," ती म्हणे. "आता ऐकाले कोणी नाई तिथी."